लिब्रेऑफिसमध्ये एकगठ्ठा प्रमाणपत्रं कशी काढायची

स्पर्धा संपते आणि कुणीतरी दोनशे नावांची यादी पाठवून विचारतं, "उद्यापर्यंत होतील ना?" एकेक नाव कॉपी-पेस्ट करत बसू नका. लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस सॉफ्टवेअरमधलं मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं प्रमाणपत्राच्या एकाच नमुन्यात आपोआप भरणारी सोय, हे काम इंटरनेटशिवाय करतं.

आधी यादी. कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्प्रेडशीटमध्ये, पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं घाला: क्रमांक, नाव, स्पर्धा, निकाल. वर शोभेचं शीर्षक नको, मध्ये रिकाम्या ओळी नकोत, जोडलेले सेल तर नकोतच. तारीख सगळ्यांची एकच असेल तर ती सरळ नमुन्यात टाइप करा. वेगवेगळी असेल तर तारखा भरण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर तारखेच्या जागी पाच आकडी संख्या उमटू शकते. स्प्रेडशीटच्या पोटात तारीख म्हणजे दिवसांची मोजणीच असते.

यादी अकारविल्हे लावताना सगळे रकाने एकत्र निवडा. मी एकदा नुसता नावांचा रकाना निवडला. निकाल जागच्या जागी राहिले, आणि उत्तेजनार्थवाल्याला प्रथम क्रमांक मिळाला. कळलं ते छापून झाल्यावर.

आता मजकूर. खरी मेख इथे आहे, कारण मराठीत शब्द वाक्यात शिरला की रूप बदलतो आणि मर्जला व्याकरण येत नाही. 'सहभागी झाला' लिहिलंत तर मुलींचं काय? 'यांनी सहभाग घेतला' लिहा, कुणालाही चालतं. संस्थेच्या नावापुढे 'च्या' लावलात तर 'विद्यालयच्या' असं काहीतरी छापून येईल. म्हणून 'संस्था:' लिहून पुढे नाव जसंच्या तसं येऊ द्या.

नमुन्यासाठी रायटरमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या मजकूर लिहायच्या भागात, ए४ आडवं पान घ्या. नक्षीची किनार चित्र म्हणून असेल तर ते ३५०८ × २४८० पिक्सेलचं हवं, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) छपाई स्वच्छ येते. चित्र पानावर मोकळं ठेवू नका; पेज स्टाइलमध्ये जाऊन बॅकग्राउंड म्हणून लावा, म्हणजे ते जागचं हलत नाही.

यादी जोडायला फाइल मेनूतल्या विझार्ड्समध्ये 'अॅड्रेस डेटा सोर्स' उघडा, 'अदर एक्स्टर्नल डेटा सोर्स' निवडा आणि सेटिंग्जमध्ये स्प्रेडशीट हा प्रकार घेऊन तुमची फाइल दाखवा. मग कंट्रोल + शिफ्ट + एफ४ दाबलं की वर यादी दिसते. रकान्याचं शीर्षक माउसने पकडून नमुन्यात ओढा. तिथे कोनी कंसातलं फील्ड, म्हणजे नाव भरायची जागा, येतं.

इथे एक सापळा आहे. रकान्याचं शीर्षक इंग्रजीत असेल, तर तुम्ही त्या फील्डला दिलेला मोठा फॉन्ट फक्त रोमन अक्षरांना लागतो. मर्ज झाल्यावर देवनागरी नाव बारीक, भलत्याच फॉन्टमध्ये येतं. फील्ड निवडून कॅरेक्टरच्या चौकटीत कॉम्प्लेक्स लिपीसाठीही (देवनागरी त्यातच येते) फॉन्ट, आकार आणि ठळकपणा ठरवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली यादी आधी युनिकोडमध्ये आणलेली बरी.

शेवटी प्रिंट द्या. फॉर्म लेटर छापायचं का, असं विचारलं जाईल, हो म्हणा. आउटपुट 'फाइल', स्वतंत्र डॉक्युमेंट्स, फॉरमॅट पीडीएफ. फाइलचं नाव यादीतल्या रकान्यावरून घ्या, पण नुसत्या नावावरून नको: एकाच नावाचे दोघे निघतातच. क्रमांक आणि नाव जोडून वेगळा रकाना केलेला उत्तम.

सगळी यादी एकदम सोडू नका. आधी तीनच काढा, त्यात यादीतलं सर्वांत लांब नाव आणि 'हृषीकेश', 'श्रद्धा' अशी अवघड अक्षरांची नावं असू द्या. नाव दोन ओळींत गेलं तर खालची सही ढकलली जाते का, तेही बघा. मग पूर्ण यादी काढा आणि फोल्डरमधल्या फाइल्स यादीतल्या ओळींइतक्याच आहेत ना, ते मोजा.

पुढच्या वेळी नमुना तोच ठेवून फक्त यादीतल्या ओळी बदला. यादीची फाइल मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका, जोडणी तुटते.