पोडियाट्री रेसिडेन्सीतली आयटीई: अभ्यास नेमका कशाचा करायचा

अमेरिकेत पोडियाट्रीची (पावलाच्या आणि घोट्याच्या आजारांची वैद्यकशाखा) रेसिडेन्सी करणारी मराठी पोरंपोरी हल्ली अधूनमधून भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आयटीईचा अभ्यास कधी आणि कसा करू. एकदाच लिहून टाकते. चार वर्षं डीपीएम (पोडियाट्रीची डॉक्टरी पदवी), मग तीन वर्षं रेसिडेन्सी, आणि त्यात दरवर्षी एबीफॅस या सर्जरी बोर्डाची इन-ट्रेनिंग एक्झाम, म्हणजेच आयटीई, फूटची वेगळी आणि रिअरफूट-अँकलची (पावलाचा मागचा भाग आणि घोटा) वेगळी. आमच्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही, "डॉक्टर झालीस ना, मग आता कसली परीक्षा" हे दर रविवारी फोनवर.

पहिल्या वर्षी मी सपाटून आपटले. आमचा प्रोग्रॅम म्हणजे दिवसरात्र डायबेटिक फूट, ॲम्प्युटेशन आणि डेब्रीडमेंट (जखमेतला मेलेला भाग काढणं), त्यामुळे या जखमा मोजायच्या वॅगनरच्या ० ते ५ ग्रेड आणि टेक्सासचा तो ग्रेड-स्टेजचा तक्ता झोपेतही सांगितला असता, आणि मी अभ्यासाला बसले की तेच परत वाचायचे कारण ते समजायचं आणि बरं वाटायचं. पेपरात क्लबफूट (जन्मतःच आत वळलेलं पाऊल) आला, टार्सल कोअलिशन (पावलाची हाडं एकमेकांना जुळलेली) आलं, टेलसचं (घोट्यातलं हाड) फ्रॅक्चर आलं, आणि मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

म्हणून पहिलं काम हे की पुस्तक उघडायच्या आधी स्वतःचा केस लॉग (आपण केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद) उघडा. रेसिडेन्सी संपवायला डिजिटलच्या (बोटांच्या) ८० आणि रिअरफूट-अँकलच्या ५० प्रोसीजर लागतात वगैरे आकडे आपण नुसते भरायचे म्हणून भरतो, पण कुठला रकाना रिकामा आहे ते नीट बघितलं तर अभ्यासाची यादी तिथेच तयार असते. जे रोज ओआरमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) दिसतं ते आपोआप डोक्यात बसतं, त्यावर रविवार घालवू नका.

आता वेळ. पहाटे पावणेपाचला उठून राउंड घेणाऱ्या माणसाला रात्री दोन तास वाच म्हणणं हा चावटपणा आहे. माझं जमलं ते असं, की उद्याची केस कुठली ते बघायचं आणि त्यावर वीस मिनिटं, बस. उद्या बनियन (अंगठ्याच्या मुळाशी आलेलं टेंगूळ) असेल तर आयएम अँगल, पासा हे एक्स-रेवरचे कोन, कुठली ऑस्टिओटॉमी (हाड कापून सरळ करणं) का आणि दुसरी का नाही, अटेंडिंग (वरिष्ठ सर्जन) सकाळी विचारणारच असतो त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. आणि रिकाम्या रकान्यातला विषय मात्र आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, डोकं ताजं असताना.

क्लासिफिकेशनची भीती सगळ्यांना असते. पाठ करू नका, कागदावर चित्र काढा. लाउगे-हॅन्सन, म्हणजे घोट्याच्या फ्रॅक्चरचं वर्गीकरण, मी तीनदा पाठ करून तीनदा विसरले, मग कळलं की ही तर प्रदक्षिणा आहे! स्वतःच्या उजव्या घोट्याकडे वरून बघा. सुपिनेशन-एक्स्टर्नल रोटेशनमध्ये (तळवा आत वळलेला, जोर बाहेर फिरवणारा) आधी पुढचं सिंडेस्मोटिक (पायाची दोन हाडं बांधणारं) लिगामेंट जातं, मग बाहेरचं हाड फिब्युला, मग मागचं लिगामेंट किंवा पोस्टिरिअर मॅलिओलस (घोट्याची मागची कड), शेवटी आतलं मीडियल मॅलिओलस किंवा डेल्टॉइड लिगामेंट, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी फेरी. प्रोनेशन-एक्स्टर्नल रोटेशनला (तळवा बाहेर वळलेला) फेरी तीच, फक्त सुरुवात आतून होते आणि फिब्युला वरच्या बाजूला तुटतो. (डाव्या पायाला उलटी प्रदक्षिणा, त्याचं पाप माझ्या माथी नको.) नावातला पहिला शब्द पाय कसा होता ते सांगतो, दुसरा जोर कुठल्या दिशेने लागला ते, एवढं लक्षात ठेवलं की अर्धं काम झालं.

हॉकिन्सचं, म्हणजे टेलसच्या मानेच्या (टेलर नेक) फ्रॅक्चरच्या वर्गीकरणाचं, पण तसंच. टेलर नेकचा रक्तपुरवठा एकदा नीट काढून बघितला की टाइप वाढत जाईल तसा ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसचा (रक्त न मिळाल्याने हाड मरण्याचा) धोका का वाढतो हे वेगळं घोकावं लागत नाही. हॉकिन्स साइन मात्र उलटी फसवते, सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेत टेलर डोमखाली (टेलसच्या वरच्या गोल पृष्ठभागाखाली) काळी रेघ दिसली तर ती चांगली बातमी, रक्त पोचतंय म्हणून तर हाड विरळ होतंय. मी पहिल्यांदा ती वाईट समजून मार्क घालवले.

पेडिएट्रिकला फार नाही, पण जे आहे ते पक्कं पाहिजे: पोन्सेटीत (क्लबफूट प्लास्टरने टप्प्याटप्प्याने सरळ करायची पद्धत) आधी कॅव्हस (उंच कमान), मग ॲडक्टस (आत वळलेला पुढचा भाग), व्हॅरस (आत वळलेली टाच), आणि इक्वायनस (वर ओढलेली टाच) सगळ्यात शेवटी, पहिल्या कास्टला फोरफूट (पावलाचा पुढचा भाग) सुपिनेट करायचा, प्रोनेट नाही.

लोकल ॲनेस्थेशियाचं गणित फुकटचे मार्क आहेत. १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. साध्या लिडोकेनची (भूल देणारं औषध) मोठ्या माणसाची मर्यादा ३०० मिग्रॅ, म्हणजे १ टक्क्याचे ३० मिली. पण आधी वजनाप्रमाणे किलोला ४.५ मिग्रॅ बघायचं, बारीक पेशंट देऊन अडकवतात.

प्रश्नसंच सोडवताना चुकलेल्या प्रश्नासमोर का चुकलं ते एका ओळीत लिहा. माहीत नव्हतं, की माहीत होतं पण घाईत वाचलं? माझ्या निम्म्या चुका दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या आणि त्याला पुस्तक काय करणार. माझ्या वेळी सिम्युलेटेड पेशंटचा भाग पण असायचा, त्याची तयारी क्लिनिकमध्येच होते: प्रत्येक नवीन पेशंटला हिस्ट्री, एक्झाम, टेस्ट, डायग्नोसिस, प्लॅन याच क्रमाने मनात बोलायचं, आणि एमआरआय मागवायच्या आधी साधा वेट-बेअरिंग (उभं राहून, पायावर वजन देऊन काढलेला) एक्स-रे बघितला का हे स्वतःला विचारायचं.

आणि परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी चीफ रेसिडेंटला मेसेज टाका की आदल्या रात्री मला कॉल (रात्रपाळी) नको. दुसऱ्या वर्षी मी संकोचाने बोलले नाही, रात्री दोनला गॅस गँगरीनची (तातडीचं जीवघेणं इन्फेक्शन) केस आली, आणि सकाळी पहिले वीस प्रश्न मी वाचले की नाही तेच आठवत नाही.