लॉक नट निघत नाही? पाना लावण्याआधीची तयारी

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली की गाडीचे टायर आठवतात. लेकीला आणायला जायचं असतं, पाहुण्यांना स्टँडवरून घ्यायचं असतं, एखादी फेरी चाळीसगावहून कन्नडच्या घाटातून संभाजीनगरलाही होते. टायर बदलायला काढले की लक्षात येतं, प्रत्येक चाकाचा एक नट वेगळा आहे, त्याच्या तोंडावर नक्षी आहे आणि तो जागचा हलत नाही. हाच लॉक नट, चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला, तो फक्त त्याच्या चावीनेच निघतो. त्याच्याशी झटायचं ते घरच्या अंगणात, हातात वेळ असताना. हायवेच्या कडेला, शेजारून ट्रक सुसाट जात असताना हे काम होत नाही.

सगळ्यात आधी चावी. पान्याच्या छोट्या गोटीएवढा (सॉकेटएवढा) लोखंडी तुकडा असतो, एका टोकाला नटाच्या नक्षीशी जुळणारे दात आणि दुसऱ्या टोकाला पाना बसेल असे सहा कोन. डॅशबोर्डचा कप्पा, डिकीतली जॅकची पिशवी, स्टेपनीच्या खालचा खळगा, एवढं तरी धुंडाळा. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. टायर शेवटचे जिथे काढले त्या दुकानातही विचारा. ही चावी पान्यात अडकून तिथेच राहून जाते. तिच्यासोबत नंबराचं कार्ड मिळालं तर त्याचा फोटो काढून ठेवा, त्या नंबरावरून दुसरी चावी मागवता येते. चावी सापडली की उजेडात धरून दात बघा. कड झिजलेली किंवा बारीक चीर दिसली तर त्या दिवशी काम करूच नका, आधी नवी चावी आणा. माझ्या मते निम्मं काम इथेच ठरतं. चावी धड असेल तर नट आज ना उद्या निघतो. ती मोडली आणि दुसरी मिळाली नाही, तर मग नट जबरदस्तीने काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

नट अडकतो कशाने? बहुतेक वेळा टायरच्या दुकानातल्या, हवेवर चालणाऱ्या नट आवळायच्या गनने. लहान गाड्यांचे नट साधारण १०० ते ११० न्यूटन-मीटर जोराने आवळायचे असतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. गन हातात असली की तो आकडा कुणी बघत नाही. दुसरं कारण गंज, आणि आपल्याकडे तिसरं एक, काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या नटात तो जातो आणि उन्हाळ्यात तिथेच दगड होतो. नक्षीच्या खाचेत अशी माती असली की चावी पूर्ण आत जात नाही, दातांच्या टोकांवर सगळा जोर येतो आणि टोकं उडतात. म्हणून दाभण, तारेचा ब्रश आणि हवा मारून खाच तळापर्यंत साफ करा.

आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारावा, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. बंद तोंडाच्या नटात तेल आट्यांपर्यंत पोचतच नाही, फक्त बुडाशी झिरपतं. ब्रेक डिस्कवर ते जाऊ द्यायचं नाही.

मग हत्यारं काढून ठेवा: दोन-अडीच फुटी दांडा, चावीच्या मापाची सहा कोनी गोटी (बारा कोनी नको), हातोडा, जॅक, चाकाला लावायला लाकडी ठोकळे, जाड हातमोजे, चष्मा. स्टेपनीत हवा आहे ना, तेही बघा. वेळ सकाळची धरा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी पान्याला हात लावणंही अवघड.

गाडी जमिनीवरच ठेवा, जॅक नंतर. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका. इथे एक चूक सर्रास होते: बाकीचे नट आधी काढले जातात आणि चाकाचा सगळा ताण एकट्या लॉक नटावर येतो. उलट करा. बाकीचे नट नीट घट्ट ठेवा, त्यांनी चाक दाबून धरलं की लॉक नट हलका होतो. चावी बसवून हातोड्याचे दोन-चार ठोके द्या, गोटी लावा, एका हाताने ती सरळ दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने दांड्यावर सावकाश वजन द्या. झटका नको, लॉक नटावर गन तर नकोच. आणि भाऊ, पान्यावर उभं राहू नका. साठ किलोचा माणूस दोन फुटी दांड्याच्या टोकावर उभा राहिला की साडेतीनशे न्यूटन-मीटर होतात, चावी आधी जाते. चावी खाचेतून वर सरकतेय असं वाटलं की थांबा.

तरी नाही निघाला, तर मिस्त्रीकडे जाताना काय विचारायचं ते ठरवून जा. उलट्या दाताची गोटी आहे का? ती नटावर ठोकली की उलटं फिरवताना दात आणखी रुततात. जुनी तंग गोटी ठोकूनही काम होतं, पण ज्या नटाभोवती नुसतीच फिरणारी कडी असते तिथे नाही. आधी ती कडी तोडावी लागते. नटावर दुसरा नट वेल्डिंग करून काढणारे असतात. हात सराईत असेल तरच करू द्या आणि बॅटरीची वायर आधी सोडवा. गॅसची ज्योत लावतो म्हणाला तर गाडी वळवा. हवा भरलेला टायर तापला तर फुटतो, त्याने जीव जाऊ शकतो.

नवे नट मात्र काम सुरू करण्याआधीच घरात हवेत. मारुतीच्या गाड्यांना १२ × १.२५ आटे (मिलिमीटरमध्ये जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर), ह्युंदाईला १२ × १.५, दिसायला सारखेच, पण चुकीचा नट दोन फेरे जातो आणि मग स्टडचे, म्हणजे ज्या बोल्टवर नट बसतो त्याचे, आटे खातो. बूड निमुळतं आहे की गोल, तेही जुना नट शेजारी धरून बघा. अंगणात उभ्या राहणाऱ्या लोखंडी रिमच्या गाडीला परत लॉक नट बसवण्यात मला अर्थ दिसत नाही, साधे चारही बसवा. महागडे अलॉय असतील तर गोष्ट वेगळी. नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. जळगावात बसवले असतील तर धुळ्याला पोचल्यावर चाकं निवू द्या आणि एकदा पाना लावून बघा.