सीमारेषांवरून जुन्या नकाशाचा काळ कसा ठरवावा

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या नकाशावर साल छापलेले असले, तरी त्यावर लगेच विसंबू नये. ते बहुधा स्वामित्वहक्काच्या नोंदणीचे असते आणि प्रकाशक तोच नकाशा किरकोळ दुरुस्त्या करून पुढे कित्येक वर्षे छापत असत. त्याऐवजी नकाशात आलेला सर्वांत उशिराचा बदल आणि न आलेला सर्वांत आधीचा बदल शोधावा. नकाशा बहुधा या दोहोंमधल्या काळातला असतो.

आरंभ नैऋत्येकडून करावा. कॅलिफोर्निया मेक्सिकोत असेल, तर नकाशा अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातील १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहापूर्वीची स्थिती दाखवतो. हद्द हिला नदीवरून जात असेल तर तो तहानंतरचा, आणि नदीच्या दक्षिणेला सरकली असेल तर १८५४ मध्ये मंजूर झालेल्या गॅड्सडेन खरेदीनंतरचा, म्हणजे अमेरिकेने मेक्सिकोकडून हा दक्षिणेचा पट्टा विकत घेतल्यानंतरचा. या खरेदीमागे रेल्वेमार्गाची गरज होती, तसाच एका नकाशाचा दोषही होता: तहासाठी वापरलेल्या डिस्टर्नेल यांच्या १८४७ च्या नकाशात एल पासो हे गाव प्रत्यक्षाहून सुमारे अर्धा अंश उत्तरेला आणि जवळजवळ दोन अंश पूर्वेला पडले होते, त्यामुळे त्याच्या जवळचे मेसिया खोरे कोणाचे हा वाद उभा राहिला आणि शेवटी अमेरिकेने १ कोटी डॉलर मोजले.

त्यानंतर वायव्येकडे पाहावे. आयडाहोने आजचा माँटाना आणि जवळजवळ सगळा वायोमिंग व्यापलेला दिसला, तर काम फत्ते झाले म्हणायचे, कारण ही स्थिती मार्च १८६३ ते मे १८६४ एवढीच टिकली. ॲरिझोनाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. न्यू मेक्सिकोचा दक्षिण भाग आडव्या रेषेने तोडून काही प्रकाशकांनी तो १८६३ च्या आधीच ॲरिझोना म्हणून दाखवला होता. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) १८६३ मध्ये प्रत्यक्षात उभी रेषा मंजूर केली.

शेवटी भिंग घेऊन रंगाची कड तपासावी. रंग पुष्कळदा हाताने भरले जात, त्यामुळे कोरलेली तुटक रेषा एकीकडे आणि गुलाबी पट्टा दुसरीकडे दिसला, तर जुन्याच छापावर नवी हद्द रंगवली असण्याची शक्यता असते. अर्थात, एखादा बदल नकाशात नाही, एवढ्यावरून नकाशा त्या बदलाआधीचा ठरत नाही, कारण वॉशिंग्टनमधला कायदा छापखान्यातल्या कोरीव छपाई-पत्र्यावर उतरायला वेळ लागे. म्हणून नोंद करताना आधीची मर्यादा ठामपणे लिहावी आणि नंतरच्या मर्यादेपुढे ‘सुमारे’ असे जोडावे.