एक फास्ट लॅप आणि बाकीच्या अकरा: कार्टिंगमध्ये स्वतःला मोजताना या चुका टाळा

रेंटल ट्रॅकवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्या (कार्ट) भाड्याने चालवायला मिळतात तिथे, हीट (ठरावीक लॅप्सची, म्हणजे फेऱ्यांची, एक खेप) संपली की निकालाची शीट हातात येते आणि सगळ्यांची नजर आधी बेस्ट लॅपवर जाते. तोच आकडा ग्रुपवर पडतो. इथेच पहिली चूक होते.

समजा १२ लॅप्सची हीट आहे. एकाची बेस्ट लॅप ४८.२ सेकंद, सरासरी ४९.१. दुसऱ्याची बेस्ट ४८.५, सरासरी ४८.६५. बेस्ट लॅपवर क्रम लावला तर पहिला वर दिसेल. खरी शर्यत लावली तर दुसरा पाच सेकंदांहून जास्त पुढे असेल. म्हणून आधी बघायचं ते लॅप्समधलं अंतर: स्वच्छ लॅप्सपैकी सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांत किती फरक पडतो? बेस्ट लॅप सुधारण्याआधी हा फरक कमी करा.

सगळ्या लॅप्स एकाच पोत्यात भरू नका

टायर गार असतानाची पहिली लॅप, पिवळा झेंडा (पुढे धोका, वेग कमी करा), पुढे अडून बसलेला संथ ड्रायव्हर, एखादा स्पिन (कार्ट घसरून गरकन फिरणं), हे सगळं सरासरीत घेतलं तर आकडा फसवतो. १२ लॅप्समध्ये एका स्पिनने ९ सेकंद गेले, तर सरासरी पाऊण सेकंदाने बिघडते. अशा लॅप्सवर खूण करून त्या वेगळ्या ठेवा. मात्र स्पिन विसरू नका. तो कुठे झाला हे लिहून ठेवा. उरलेल्या लॅप्ससाठी शाळेत शिकलेला मध्यक सरासरीपेक्षा भरवशाचा.

कार्ट बदलली तर तुलनाही संपली. रेंटलच्या दोन कार्ट कधीच सारख्या नसतात. इंजिन, टायर, ब्रेक सगळ्यांत उन्नीस-बीस असतंच. स्वतःची कार्ट असली तरी सकाळची हवा आणि दुपारचा तापलेला डांबरी ट्रॅक यांचे आकडे एका रांगेत मांडू नका. पावसाची सर येऊन गेली असेल तर नवं पान उघडा.

फक्त लॅप टाइम बघणं

लॅप टाइम वेळ गेल्याचं सांगतो, कुठे गेली ते सांगत नाही. त्यासाठी सेक्टर, म्हणजे ट्रॅकच्या एकेका भागाच्या वेळा, हवेत. मायक्रॉन किंवा अल्फानोसारखा डिस्प्ले असेल तर तेही मिळतात आणि आरपीएमही (इंजिनचे मिनिटाला फेरे). कार्टला बहुधा गिअर नसतात, त्यामुळे क्लच लागलेला आणि मागचे टायर घसरत नसतील, तर आरपीएम म्हणजेच वेग. वळणातला सर्वांत कमी आरपीएम प्रत्येक लॅपला वेगळा येत असेल, तर तुमचा ब्रेकिंग पॉइंट ठरलेला नाही. कर्बचा (ट्रॅकच्या रंगीत कडेचा) रंग, टायरची भिंत, काहीही एक खूण पक्की धरा. स्टिअरिंगवरचा आकडा मात्र चालवताना वाचत बसू नका.

एक सापळा: सर्वोत्तम सेक्टरांची बेरीज करून काढलेली 'आदर्श लॅप'. वळणात उशिरा ब्रेक मारून एक सेक्टर चमकतो, पण बाहेर पडताना वेग मरतो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर त्याची वसुली होते. कार्टला डिफरेन्शियल (वळताना दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं. वळताना मागचं आतलं चाक उचललं गेलं नाही तर ती अडखळते, आणि घाईने आत घुसवलेली कार्ट हेच करते. दोन्ही सेक्टर एकाच लॅपमधले घेऊन बेरीज करा.

आलेख वाकडा का होतो?

लॅप टाइम एकामागोमाग लिहिले की दुखणं ओळखू येतं. सुरुवात संथ आणि मग स्थिर: टायर तापायला वेळ लागतोय. एक वेगवान, एक संथ: तुम्ही प्रत्येक लॅपला नवीन प्रयोग करताय. निम्म्यानंतर हळूहळू घसरण: हिची कारणं तीन, आणि ती वेगळी काढता येतात. सरळ पट्ट्यावरचा टॉप आरपीएम घसरला, पण पट्ट्यावर येतानाचा वेग पूर्वीइतकाच आहे, तर इंजिनकडे बघा. पट्टा ठीक, पण सगळ्याच वळणांत वेग सारखाच कमी होतोय, तर टायर जास्त तापलेत, प्रेशर चढलंय. आणि जड स्टिअरिंगच्या लांब वळणांतच वेळ जातेय, तीही दर लॅपला कमी-जास्त, तर हात थकलेत. रेंटलमध्ये बरगड्या आणि कोपराखालचे हात आधी बोलतात; सेटअपने ते बरं होत नाही, व्यायाम लागतो.

स्वतःच्या कार्टवर प्रेशर आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) एकदम बदलू नका. एका वेळी एकच बदल: पहिलं सेशन जुन्या प्रेशरवर, दुसरं बदललेल्या, मग तिसरं पुन्हा जुन्याच प्रेशरवर. वेळ पहिल्या सेशनइतकी परतली नाही, तर मधला फरक ट्रॅकने किंवा झिजलेल्या टायरने पाडला असण्याची शक्यता जास्त, प्रेशरने नव्हे.