रिमोट रेपो आधी आपल्याच डिस्कवर बनवून बघा, मग गिटहब

गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची हिस्टरी ठेवणारं टूल) लोकल रेपो (आपल्या मशीनवरचा, हिस्टरीसकट प्रोजेक्ट) सगळ्यांना जमतो, घोडं अडतं ते रिमोटपाशी. आणि खरं सांगू का, रिमोट म्हणजे तुमच्याच रेपोची दुसरीकडे ठेवलेली कॉपी, मग ती गिटहबवर (रेपो ठेवायची वेबसाइट) असो नाहीतर शेजारच्या फोल्डरात. (कमांड बोलतो तशा लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा.)

टर्मिनलमध्ये सीडी करून प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि गिट इनिट डॅश बी मेन मारा. डॅश बी ब्रँचचं, म्हणजे कामाच्या फांदीचं, नाव ठरवतं; ते 2.28 व्हर्जनपासून आलंय, गिट त्याहून जुनं असेल तर नुसतं गिट इनिट मारा, ब्रँचचं नाव मास्टर पडेल एवढंच. आत डॉट गिट नावाचा लपलेला फोल्डर होतो, सगळी हिस्टरी त्याच्यात, तो उडवला की फाइली राहतात पण रेपो गेला.

आता गिट अ‍ॅड डॉट मारायची घाई करू नका, आधी डॉट गिटइग्नोर फाइल बनवून नको त्या फाइलींची नावं त्यात टाका. मी एकदा पासवर्डची फाइल कमिट केली (म्हणजे हिस्टरीत नोंदवली), लक्षात आल्यावर डिलीट करून परत कमिट केलं आणि वाटलं सुटलो, पण जुन्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी बसलेली, शेवटी पासवर्डच बदलावा लागला. तर गिट अ‍ॅड डॉट, मग गिट स्टेटसने एकदा बघून घ्या काय काय आलंय, मग गिट कमिट डॅश एम आणि अवतरणात मेसेज. नाव-ईमेल सेट नसेल तर इथे अडवेल, गिट कॉन्फिगने देऊन टाका.

आता रिमोट. प्रोजेक्टच्या बाहेर एक पायरी वर या आणि गिट इनिट डॅश डॅश बेअर डॅश बी मेन सराव डॉट गिट मारा. बेअर म्हणजे आत कामाच्या फाइली नाहीत, नुसती हिस्टरी, पुश (इकडचे कमिट तिकडे पाठवणं) घ्यायला असाच रेपो लागतो. डॅश बी मेन इथेही द्या बरं का, नाहीतर रेपो मास्टर शोधत बसतो, तुम्ही पुश करता मेन, आणि क्लोन केल्यावर (रेपोची कॉपी उतरवल्यावर) फोल्डर रिकामा दिसून उगाच धडकी भरते. परत प्रोजेक्टमध्ये जाऊन गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन डॉट डॉट स्लॅश सराव डॉट गिट (ओरिजिन हे रिमोटला दिलेलं नाव), मग गिट पुश डॅश यू ओरिजिन मेन. डॅश यू पहिल्यांदाच, पुढे नुसतं गिट पुश. तिसऱ्या फोल्डरात क्लोन करून बघा, सगळं येतं.

हे जमलं की गिटहबसाठी फक्त पत्ता बदलतो. गिट रिमोट रिमूव्ह ओरिजिन करून सरावाचं ओरिजिन काढा, गिटहबचं जीएच टूल इन्स्टॉल करून जीएच ऑथ लॉगिन करा (13 ऑगस्ट 2021 पासून पुशला अकाउंटचा पासवर्ड चालत नाही, टोकन नाहीतर एसएसएच की लागते) आणि प्रोजेक्टच्या फोल्डरातूनच जीएच रेपो क्रिएट, पुढे रेपोचं नाव, डॅश डॅश प्रायव्हेट, डॅश डॅश सोर्स इज इक्वल टू डॉट, डॅश डॅश पुश. झालं, रेपो बनवायला वेबसाइटवर जायचीही गरज नाही. वेबसाइटवरूनच बनवणार असाल तर रीडमीची टिक लावू नका, तिकडे वेगळं कमिट तयार होतं आणि तुमचा पुश रिजेक्ट होतो.

आणि 'एसआरसी रेफस्पेक मेन डझ नॉट मॅच एनी' असं आलं तर नेटला शिव्या घालू नका, एक तर अजून एकही कमिट केलेलं नाही नाहीतर तुमची ब्रँच मास्टर आहे. कमिट नसेल तर आधी ते करा, ब्रँच मास्टर असेल तर गिट ब्रँच डॅश कॅपिटल एम मेन मारा, आणि परत पुश करा.