रोहिंग्या छावण्यांत मुलांसाठी काम करू इच्छिणाऱ्यांना

समाजकार्याची पदवी घेऊन बांगलादेशातील कॉक्स बाजारकडे निघणाऱ्यांना बालहक्कांची कलमे मी सांगत बसणार नाही. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून येथे आले. बांगलादेश सरकारच्या लेखी त्यांचा मुक्काम तात्पुरता आहे, म्हणून पक्क्या इमारतीची शाळा नाही, बांगलादेशी अभ्यासक्रमही नाही. बांबू आणि ताडपत्रीच्या केंद्रांत पाळ्यांनी वर्ग भरतात आणि २०२१ अखेरपासून टप्प्याटप्प्याने म्यानमारचा अभ्यासक्रम आला. तो बर्मी भाषेत असल्याने घरी रोहिंग्या बोलणारे मूल पहिल्याच पानावर अडते. अशा वेळी रोहिंग्या शिक्षकाशेजारी मुकाट्याने बसून शिकावे. ऑनलाइन प्रमाणपत्रांची चळत आणि ‘मी किती देश पाहिले’ हे ऐकवणारे मार्गदर्शक येथे फारसे उपयोगी पडत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवखा माणूस फसतो तो मात्र शिकवण्यात नव्हे, आणि मीही तेथेच फसले. वर्ग सुटल्यावर एखादी तेरा-चौदा वर्षांची मुलगी रेंगाळते, घरी लग्न ठरते आहे किंवा दलालामार्फत बोटीने मलेशियाला पाठवण्याची बोलणी चालली आहेत असे सांगते आणि कोणाला कळू देऊ नका म्हणून विनवते. आपण कळवळून शब्द देऊन बसतो. मग गप्प राहिलो तर ती धोक्यात आणि बोललो तर तिचा आपल्यावरचा विश्वास संपला. त्याहून वाईट म्हणजे खरे-खोटे करायला तिच्या आईकडे किंवा ‘माझी’कडे, म्हणजे त्या भागाच्या रोहिंग्या मुखियाकडे, जाणे. बांबूच्या भिंतींतून बातमी फुटते, मुलीचे वर्गात येणे बंद होते, लग्न मात्र लवकर उरकले जाते. म्हणून ती बोलू लागताच सांगावे की, तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर मला एका जबाबदार व्यक्तीला हे कळवावे लागेल. तिचे ऐकावे, खोदून विचारू नये, तिच्याच शब्दांत टिपून ठेवावे आणि त्याच दिवशी बालसंरक्षणाच्या केसवर्करकडे, म्हणजे अशी प्रकरणे हाताळणाऱ्या कार्यकर्त्याकडे, सोपवावे. तिचे नाव किंवा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये, सहकाऱ्यांच्या गटावरही नाही.

पुढचे सगळे आपल्या एकट्याच्या शिरावर नसते, हे समजायला मला वेळ लागला; तुम्हालाही लागेल, त्यात कमीपणा नाही. वयात आलेल्या मुलींना घरचे वर्गात येण्यापासून थांबवतात, तरी स्त्री शिक्षिका, मुलींचा स्वतंत्र वर्ग आणि घरापर्यंत सोबत असेल तर पुष्कळदा पाठवतातही.

नोकरीच्या भरवशावर मात्र येऊ नका. २०२५ मध्ये निधी आटल्यावर युनिसेफने हजाराहून अधिक स्थानिक शिक्षकांचे करार संपवले. तेव्हा करारपत्रावर सही करण्यापूर्वी निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे आणि केंद्र बंद पडल्यास केसवर्करचे काम चालू राहणार का, हे दोन्ही लेखी विचारून घ्यावे.