पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) जेट: फेकायच्या आधी हे वाचा

केरोसीनवर चालणारं खरं टर्बाइन आत्ता डोक्यातून काढा, ते लाखांचं काम आहे. सुरुवात ईडीएफने करायची, म्हणजे नळीत बसवलेला छोटा पंखा आणि त्याला इलेक्ट्रिक मोटर. आणि साधं ट्रेनर विमान आधी नीट उतरवता येत असेल तरच, नाहीतर थांबा.

64 एमएमचा पंखा, 4एस 2200 ची लिपो (चार सेलची, 2200 एमएएचची बॅटरी), 9 ग्रॅमचे सर्व्हो (विमानाचे हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), एवढ्यात भागतं. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, मोटर ओढते त्यापेक्षा थोड्या जास्त अँपिअरचा घ्या. थर्माकोलची बॉडी असेल तर साधा इन्स्टंट ग्लू चुकूनही लावू नका, फोम विरघळून खड्डा पडतो, फोम-सेफच हवा. पोटाला भडक नारिंगी टेप मारा, कारण राखाडी जेट शंभर मीटरवर गेलं की येतंय का जातंय तेच कळत नाही.

आता सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. किटमध्ये दिलेल्या खुणेवर दोन्ही पंखांखाली बोटं ठेवून विमान उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे, नसेल तर बॅटरी पुढे सरकवा. नाक जड असलेलं विमान जडच उडतं पण उडतं, शेपूट जड असलं की ते तुमचं ऐकत नाही. मग रिमोटची स्टिक मागे ओढली की एलिव्हेटर (शेपटीवरची आडवी हलती पट्टी) वर, उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर, हे डोळ्याने बघा. मी एकदा सर्व्हो बदलून घाईत हे बघितलंच नाही, एलिव्हेटर उलटा होता, विमान हातातून सुटून चार सेकंदात सरळ ढेकळात. फेलसेफला (सिग्नल तुटला तर काय व्हावं ती सेटिंग) थ्रॉटल, म्हणजे मोटरची पॉवर, शून्य ठेवा, एक्सपो (स्टिक मध्याजवळ सौम्य करणारी सेटिंग) 30 टक्के.

जागा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) आहे ना बघा, तिथेही 400 फुटांच्या वर जायचं नाही. फेकायला मित्र घ्या, तुमचे अंगठे स्टिकवरच राहू देत. पूर्ण थ्रॉटल, वाऱ्याच्या तोंडावर, जवळजवळ सपाट फेक. सुटल्यावर ते थोडं खाली बसतं, तेव्हा घाबरून एलिव्हेटर ओढलात की स्टॉल (वेग कमी पडून पंखांची उचल संपणं) झालंच समजा, आधी वेग येऊ द्या.

टायमर 3 मिनिटांचा लावा. उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करू नका, ईडीएफला परत वेग पकडायला वेळ लागतो, थोडी पॉवर ठेवून लांबून या आणि गवतावर टेकताना बंद करा. घरी आल्यावर लिपो सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा, फुगलेली असेल तर परत चार्जिंगला लावायची नाही.